उजवा हात

“शरीर निपचित पडलं की मनही पडतं,” कारखानीस सर माईकसमोर उभे राहून म्हणाले. “इतक्या वर्षांत कितीतरी बाया मला सांगत आल्या, डॉक्टर, मला कापत होते तेव्हा मी जागी होते, सगळं ऐकत होते. पुरुष एकही नाही हं. बायाच!”

सभा हसली. मीही हसले. मी त्या सभेची कार्यवाह होते, पहिल्या रांगेत बसले होते, न हसून कसं चालेल?

“मी तर म्हणतो, मला नुसतं स्कोलीन द्या,” सर रंगात आले. “गॅस नको, झोपेचं इंजेक्शन नको. माझ्यावरच करून बघा. जडशी गुंगी येईल, बस. भीती नाही, वेदना नाही, आणि आठवण तर नाहीच नाही.”

हे वाक्य मी त्यांच्या तोंडून नाशिकच्या परिषदेत ऐकलं होतं, औरंगाबादच्या परिषदेतही ऐकलं होतं. दोन्ही वेळा टाळ्या पडल्या आणि ते पुढच्या मुद्द्याकडे वळले. या वेळी टाळ्या विरायच्या आत मी उठले.

“मग घ्या ना, सर.”

टाळ्या थांबल्या. सरांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

“काय म्हणालीस, प्रमिला?”

“आज सगळे भूलतज्ज्ञ इथेच आहेत. मशीन इथे आहे. तुमच्यावर प्रयोग झाला तर त्या बायांच्या गोष्टींवर कायमचा पडदा पडेल. विलायतेत एका डॉक्टरने स्वतःवर असं करून घेतलंय. आपल्याकडे अजून कुणाची छाती झालेली नाही.”

शेवटचं वाक्य मी मुद्दाम हळू बोलले. हळू बोललेलं मागच्या रांगेपर्यंत जातं. मागून कुणीतरी ओरडलं, “सर, होऊन जाऊ द्या!” मग पुन्हा टाळ्या. अध्यक्षस्थानी डॉ. खाचणे होते, आमच्या शहरातले सर्वांत जुने सर्जन. तेसुद्धा हसून म्हणाले, “यशवंतराव, आता माघार घेऊ नका बुवा.”

कारखानीस सरांनी शाल काढून खुर्चीवर ठेवली. अजून अर्धाच तास झाला होता ती त्यांच्या खांद्यावर पडून. जिल्ह्यात आधुनिक भूल आणणाऱ्या माणसाचा सत्कार होता तो. ते माझ्याकडे बोट करून म्हणाले, “ही डॉक्टर बेंडाळे. माझी शिष्या. माझा उजवा हात. हिच्या हातून मी विषसुद्धा घेईन.”

लोक पुन्हा हसले.

स्कोलीन हे स्नायू लुळे पाडणारं औषध. ते शिरेत गेलं की माणसाला पापणी हलवता येत नाही, श्वास घेता येत नाही. त्याच्यासाठी श्वास आपण घ्यायचा, रबरी पिशवी दाबून. झोप मात्र या औषधाने येत नाही. झोपेसाठी दुसरं काही द्यावं लागतं. ते दिलं नाही, तर माणूस टेबलावर जिवंत पुरला जातो आणि बघणाऱ्याला वाटतं, काय शांत झोपलाय.

एकोणऐंशी सालचा मार्गशीर्ष होता तो. सत्काराची तारीख मी ठरवली होती. त्या दिवशी संकष्टी होती, आणि सर संकष्टीला चंद्रोदयापर्यंत पाण्याचा थेंब घेत नाहीत हे मला ठाऊक होतं. भरल्या पोटी कुणाला भूल देऊ नये, हा धडा त्यांनीच मला दिलेला. जागाही मी ठरवली होती. टाउन हॉल सोडून मी आमच्या धर्मादाय हॉस्पिटलचं जुनं ऑपरेशन थिएटर घेतलं. नवीन इमारत झाल्यापासून ते रिकामंच होतं. तिथे खुर्च्या मांडल्या आणि भिंतीलगत जुन्या सामानाचं प्रदर्शन लावलं. तारेची जाळी होती. पूर्वी तिच्यावर फडकं ताणून कंपाउंडर थेंब थेंब इथर सोडायचा आणि पेशंटने हातपाय झाडले की दोन माणसं त्याला धरून बसायची. इथरच्या निळ्या बाटल्या होत्या. श्वासनलिकेत घालायच्या तांबड्या रबरी नळ्या होत्या, वर्षानुवर्षं उकळून उकळून चिकट झालेल्या. आणि मधोमध ते मशीन. सरांनी मुंबईहून रेल्वेने आणलेलं, भूल देण्याचं जिल्ह्यातलं पहिलं बॉइल मशीन. त्याला झेंडूची माळ घातली होती.

प्रदर्शनातल्या सगळ्या वस्तू मेलेल्या होत्या, ते मशीन सोडून. त्याचे वॉशर मी बदलून घेतले होते. पिशवी नवी होती, ऑक्सिजनचा सिलिंडर भरलेला होता. स्कोलीन थर्मासमध्ये बर्फात होतं. त्यांचा रक्तदाब मी त्याच आठवड्यात मोजला होता, गुरूची काळजी म्हणून. त्यांना काही होऊ द्यायचं नव्हतं मला. काही झालं असतं तर सगळंच वाया गेलं असतं.

ते मशीन मला का हवं होतं, ते सांगते.

माझी मोठी बहीण अनसूया. आम्ही तिला अनसूताई म्हणतो. लग्न होऊन ती सावद्याच्या चौधरींकडे गेली. लग्नानंतर दोनेक वर्षांनी तिच्या पोटात गाठ निघाली आणि तिला याच थिएटरात आणलं. मशीन तेव्हा कोरं होतं. लोक त्याला बघायला येत. आता फडकं नाही, घुसमट नाही, हातपाय धरायला माणसं नाहीत, डॉक्टर घशात नळी घालून आपल्या हाताने श्वास देतात, असं गावोगाव बोललं जायचं. आमच्या वडिलांनी कारखानिसांच्या पायांवर डोकं ठेवलं होतं.

ऑपरेशन झालं. गाठ निघाली. दुसऱ्या दिवशी कारखानीस राउंडला आले तेव्हा ताई त्यांना म्हणाली, “मी जागी होते. मला सगळं कळत होतं.” आणि त्यांनी टेबलापाशी उच्चारलेलं एक वाक्य तिने त्यांना जसंच्या तसं म्हणून दाखवलं.

ते तिच्याकडे बघत राहिले. मग बाहेर जाऊन त्यांनी माझ्या मेव्हण्यांना सांगितलं, “ऑपरेशनचा धक्का बसलाय. डोक्यावर परिणाम झालाय. वेळीच उपाय करा, नाहीतर हाताबाहेर जाईल.”

एवढ्या मोठ्या डॉक्टरचा शब्द. सासरच्यांनी तिला वेड्यांच्या इस्पितळात नेलं. जागी होते, जागी होते, असं ती सांगत राहिली आणि जितकं सांगे तितकं तिचं वेड पक्कं होत गेलं. तिथे तिला विजेचे झटके दिले. तेही जागेपणीच. मेव्हण्यांनी दुसरी बायको केली. वडील तिला घरी घेऊन आले तेव्हा तिने बोलणं जवळपास सोडलं होतं. तेव्हापासून ती आडवी पडून झोपत नाही. भिंतीला टेकून, बसल्या बसल्या झोपते.

मी मेडिकलला गेले त्या वर्षी तिने टेबलावर ऐकलेलं सगळं, ते वाक्यही, मला सांगितलं. एकदाच. पुन्हा कधी त्यातल्या कशाचा उच्चार नाही. मी भूलशास्त्र घेतलं, पदविका घेतली आणि याच शहरात येऊन कारखानिसांच्या हाताखाली लागले. बेंडाळे आणि चौधरी या नावांची सांगड त्यांनी कधी घातली नाही. शिकवायचे मात्र जीव तोडून. जबडा कसा उचलायचा, मास्क दोन बोटांत कसा पेलायचा, स्वरतंतू दिसत नसतील तर नळी आंधळेपणाने कशी सरकवायची, सगळं त्यांचंच. अडलेला श्वास मोकळा करण्यात त्यांच्यासारखा हात मी पुढे कुठे पाहिला नाही. हेही खरंच आहे.

सर टेबलावर आडवे झाले. सदऱ्याच्या बाह्या वर केल्या. माझी ज्युनिअर डॉ. सलमा तडवी डाव्या हाताला सुई लावत होती.

“उजव्या हाताला हे काय बांधतेस?” सरांनी विचारलं.

“ब्लडप्रेशरचा पट्टा, सर,” मी म्हणाले. “औषध देण्याआधी हा फुगवते. म्हणजे रक्त पुढे जाणार नाही आणि औषध या हातात उतरणार नाही. सगळं अंग लुळं पडेल, हा पंजा तेवढा तुमचा राहील. नवीन पद्धत आहे, मागच्याच वर्षी वाचली. तुम्हाला काही सांगायचं असेल तर या हाताने सांगा.”

“आणि काही सांगायचंच नसेल तर?”

“तर पंजा गप्प राहील. म्हणजे तुम्ही म्हणता तेच खरं.”

त्यांनी क्षणभर विचार केला. हुशार माणूस होता, काहीतरी जाणवलं असावं. पण समोर शंभरेक डॉक्टर उभे होते, मागचे खुर्च्यांवर चढले होते. ते हसले, “चल.”

मी खाचणे सरांना जवळ बोलावलं. “तुम्ही सरांचा उजवा हात धरा. हो असेल तर ते एकदा दाबतील, नाही असेल तर दोनदा. तुम्हीच मोठ्याने सांगा. मी सांगितलं तर लोक म्हणतील, शिष्येने गुरूची बाजू घेतली.”

पट्टा फुगवला. मास्क चेहऱ्यावर धरून भरपूर ऑक्सिजन दिला. मग सलमाने औषध सोडलं.

स्कोलीन अंगात पसरताना आधी अंगभर स्नायू फडफडतात. कपाळ, गाल, छाती, पोटऱ्या, कातडीखाली उंदीर पळावेत तसे. मग सगळं शांत झालं. जबडा माझ्या बोटांत ढिला पडला. मी तो उचलून धरला, पिशवी दाबली. छाती वर आली, खाली गेली. पापण्या अर्धवट उघड्या राहिल्या होत्या.

“सर, ऐकू येतंय?” मी विचारलं.

खाचणे सर वाकून बघत होते. “एकदा दाबलं,” ते म्हणाले. “हो म्हणतायत.”

कुजबुज झाली.

“झोप येतेय?”

“दोनदा. नाही.”

“जडशी गुंगी?”

“दोनदा.” खाचणे सरांच्या कपाळाला आठी पडली.

“भीती वाटतेय?”

या वेळी उत्तराला उशीर लागला. मी पिशवी दाबत राहिले. मग खाचणे सर हलक्या आवाजात म्हणाले, “एकदा.”

आता कुणी हसत नव्हतं.

“मॅडम,” सलमा म्हणाली, “सरांच्या डोळ्यांतून पाणी येतंय.”

यासाठीच तर मी आले होते. मी त्यांच्या कानाशी वाकले, पण आवाज खाली केला नाही.

“येऊ दे,” मी म्हटलं. “मडकंही पाझरतं.”

खाचणे सर दचकले. “अहो, यांनी एकदम आवळलं! प्रश्न तर विचारलाच नाहीत तुम्ही.”

मी सरांच्या डोळ्यांत बघत होते. डोळे हलत नव्हते, पण ते आतून माझ्याकडे वळलेले मला कळले. वीस वर्षांपूर्वी याच टेबलावर, याच मशीनच्या नळीला जोडलेल्या बाईच्या डोळ्यांतून पाणी येताना नर्सने पाहिलं आणि सांगितलं होतं. डोळ्यांना पाणी म्हणजे भूल उथळ झाली, हे भूलतज्ज्ञ पहिल्या महिन्यात शिकतो. इथर त्यांनीच बंद केलं होतं, कारण सर्जनला विजेची सुरी वापरायची होती आणि इथरने भडका उडतो. गुंगीचा गॅस, नायट्रस ऑक्साइड, संपत आला होता. तेव्हाचा सर्जन, खाचणे नव्हेत, थांबायला तयार नव्हता, आणि नव्या मशीनवर पहिल्याच महिन्यात ऑपरेशन अडलं असं कारखानिसांना होऊ द्यायचं नव्हतं. ते नर्सला म्हणाले होते, “येऊ दे. मडकंही पाझरतं.” आणि लुळं पाडणारं औषध आणखी थोडं सोडलं होतं.

दुसऱ्या दिवशी ताईने त्यांना म्हणून दाखवलं ते हेच. टेबलापाशी असलेल्या चार माणसांखेरीज ते कुणालाच ठाऊक असणं शक्य नव्हतं. ती जागी होती, हे त्यांना त्याच क्षणी कळलं होतं. कळलं होतं म्हणूनच ती वेडी ठरली.

“सर, शेवटचा प्रश्न,” मी म्हटलं. सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं. “अनसूया चौधरी, सावदा. या थिएटरात, या मशीनवर. मी जागी होते असं ती तुम्हाला सांगत होती. ती खरं बोलत होती, हे तुम्हाला माहीत होतं?”

खाचणे सर हाताकडे बघत होते. हात पडून होता.

“काही नाही,” ते म्हणाले.

“पुन्हा विचारते, सर. माहीत होतं?”

हात पडून होता. त्यांना पळायला दुसरी जागाच नव्हती. सगळं अंग माझ्याकडे होतं, तो एक पंजा त्यांच्याकडे होता आणि त्यांनी तो मिटून घेतला होता.

छाती खाली गेली. मी पिशवी दाबली नाही.

बघणाऱ्यांना काही कळलं नसेल. एखादा श्वास चुकला तर काही बिघडत नाही, फुप्फुसं ऑक्सिजनने गच्च भरलेली होती. हे मला माहीत होतं आणि माझ्यापेक्षा त्यांना जास्त माहीत होतं. पण छातीला असलं काही कळत नाही. दुसऱ्या श्वासाची वेळ आली आणि गेली. माझी बोटं पिशवीवर नुसती ठेवलेली होती. सलमाने माझ्याकडे पाहिलं. तिचे ओठ हलले.

“दाबलं!” खाचणे सर म्हणाले. “एकदा. पुन्हा दाबलं... म्हणजे नाही का? नाही, थांबा, ते नुसते दाबतायत. सारखे दाबतायत. हो, हो, हो म्हणतायत, डॉक्टर!”

मी पिशवी दाबली. छाती वर आली.

त्यानंतर औषध उतरेपर्यंत मी एकही श्वास चुकवला नाही. त्यांनीच शिकवला होता तसा, एका लयीत, अगदी मऊ हाताने दिला. आधी पोट हललं, मग मान, मग त्यांनी स्वतःचा श्वास घेतला, विहिरीतून वर काढलेल्या माणसासारखा. मी मास्क बाजूला केला, पट्टा सोडला. ते उठून बसले. कुणीतरी पाणी पुढे केलं. संकष्टी विसरून ते घटाघटा प्यायले.

“काय अनुभव, यशवंतराव?” खाचणे सरांनी विचारलं. त्यांनी तो हात अजून सोडला नव्हता.

सरांनी तोंड उघडलं. “जडसं...” ते म्हणाले. “जडसं वाटलं थोडं.” मग सगळ्यांचे चेहरे पाहिले आणि हात ओढून घेऊन सदऱ्याच्या खिशात घातला. शाल खुर्चीवरच राहिली. दारापाशी मी उभी होते.

“तू तिची कोण?” त्यांनी विचारलं.

“बहीण.”

“मला विचारायचं होतंस. एकटीने. घरी येऊन.”

“तिने विचारलं होतं, सर. एकटीनेच.”

ते गेले. पुन्हा त्यांनी कुणाला भूल दिली नाही. आमच्या संघटनेने मला कार्यवाहपदावरून काढलं. पेशंट झोपलेला नसताना त्याचा जबाब घेणं शोभत नाही, असं बैठकीत एक जण म्हणाला, आणि तेवढ्या वाक्यावर मला त्या काळात एकदाच मनापासून हसू आलं. सलमा माझ्याकडून दुसऱ्या हॉस्पिटलात गेली. जाताना म्हणाली, “मॅडम, ते दोन श्वास मी मोजत होते.” खाचणे सर मात्र स्वतः सावद्याला जाऊन आले. माझ्या मेव्हण्यांसमोर, त्यांच्या दुसऱ्या बायकोसमोर, आणि उंबऱ्याशी जमलेल्या भाऊबंदांसमोर सांगून आले की ती बाई वेडी नव्हती.

पण हे सगळं नंतरचं. त्या संध्याकाळी मी घरी पोचले तेव्हा ताई अंगणात कपाशीच्या वाळल्या पळकाट्यांवर भरताची वांगी भाजत होती. मी पदर खोचून तिच्यासमोर बसले आणि सगळं सांगितलं. अगदी पहिल्यापासून, माळ घातलेल्या मशीनपासून. ती वांगी उलटत ऐकत होती. ती हे सगळं ऐकून रडेल असं मला वाटत होतं. किंवा म्हणेल, जाऊ दे पमे, झालं ते झालं, कशाला कुणाचा तळतळाट घेतेस. आमची आई तसंच म्हणाली असती.

“पाणी आलं डोळ्यांतून?” तिने विचारलं.

“आलं.”

“दोन्ही?”

“दोन्ही.”

“वाक्य सांगितलंस?”

“कानाशी वाकून सांगितलं. सगळ्यांना ऐकू गेलं.”

तिने एक वांगं बाहेर ओढलं. साल काळी पडून तडकली होती. पोळत असतानाच ती बोटांनी साल सोलू लागली.

“मग?”

“मग विचारलं त्याला. हात हलेना. तेव्हा मी पिशवी दाबायची थांबले.”

तिची बोटं थांबली. इतक्या वर्षांत तिने माझ्याकडे असं सरळ पाहिलं नव्हतं. जाळाचा उजेड तिच्या चेहऱ्यावर होता आणि चेहरा तरुण दिसत होता.

“मग?”

“मग हो म्हणाला. सारखा हात दाबत होता, हो, हो, हो. सगळ्यांनी पाहिलं, ताई. सगळ्यांना कळलं.”

“आणि तू पुन्हा दाबायला लागलीस?”

“हो.”

“कशाला?” ताईने विचारलं.